मुरमाच्या ढिगावर रुब्रमला तुरा!

अखेर रुब्रमला, म्हणजे जांभळ्या पानांच्या शोभेच्या फाउंटन गवताला, तुरा आला! वीतभर लांब, जांभळट गुलाबी, दवानं वाकलेला. पण तो अंगणातल्या ठोंबांना नाही, तर कोपऱ्यात टाकून दिलेल्या फुटव्याला. अंगणातले तिन्ही ठोंब झडीनं झोपवले. एक गेला, दोन अर्धमेले.

आठवडाभर मी चुकीच्या मागे होतो. दुपारी पानांची सुरळी व्हायची. हुमणी असेल म्हणून माती उकरली, पण एकही अळी नाही. झड उघडून कडक ऊन पडलं, तेव्हा तहान लागली असेल असं वाटून दोन-दोन बादल्या पाणी दिलं. त्यानंच घात केला. ठोंब उपटला तर मुळं तपकिरी, नासक्या वासाची, बोटानं ओढली की साल सुटून हातात. आपली काळी माती भिजली की फुगते, पोकळ्या मिटतात आणि मुळाला हवाच मिळत नाही. गुदमरलेलं मूळ पाण्यात असूनही पाणी उचलत नाही, म्हणून पान तहानलेलं दिसतं. त्यात मे महिन्याच्या 45 अंशांत पाणी धरायला ठोंबांभोवती केलेली खोल आळी मी पावसाआधी बुजवली नव्हती. वावरात सोयाबीन रुंद वरंब्यावर घेतो, अंगणात मात्र ते ध्यानातच आलं नाही.

तो फुटवा जूनमध्ये ठोंब फोडताना उरला होता. बांधकामाच्या मुरमाच्या ढिगावर रोवला. ना शेणखत, ना पाणी. दिवसभर ऊन, त्यामुळे रंग पिकल्या जांभळासारखा. लिंबाच्या सावलीतला ठोंब हिरवटच राहिला होता.

मग सब्बल घेऊन अर्धमेले दोन ठोंब उपटले. काळी मुळं छाटली, पानं वीतभर ठेवून कापली, फुटवे कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या पाण्यात (लिटरला 3 ग्रॅम) बुडवले आणि मुरूम-शेणखताच्या फूटभर उंच गादीवर लावले. दहा दिवसांत नऊपैकी सहांनी कोवळं पान काढलं! वाळू मिसळायचा सल्ला ऐकू नका. भारी मातीत थोडीशी वाळू गेली तर वाळल्यावर विटेसारखी घट्ट होते.

बियांच्या पाकिटांनाही भुलू नका. रुब्रम वांझ आहे, फुटव्यानंच वाढवायचं. मी ऑनलाइन मागवलेल्या पाकिटातून नुसतं हिरवं गवत उगवलं. तुरे यायच्या आत सगळं उपटलं, कारण आफ्रिकेतून आलेली फाउंटन गवताची ती हिरवी जात बी उडवत पसरते. हवाई बेटांवर तिनं माळच्या माळ व्यापलेत.

आता दक्षिणेच्या धुऱ्यावर या सहा फुटव्यांची रांग लावणार होतो. पण लिहिता लिहिताच सुचलं, चाऱ्याचं नेपियर गवत आपण कांड्यांनी लावतो आणि ते तर रुब्रमच्या भाऊबंदातलंच! मग रांग थांबू द्या. आज संध्याकाळीच ढिगावरच्या ठोंबाची जाड ताटं निवडून दोन-दोन डोळ्यांच्या बारा कांड्या मुरमात आडव्या लावतो, वर ओलं गोणपाट. तुरा आलेलं ताट मात्र कापणार नाही.