मिसेस सेन यांची विळी

माझ्या बाळंतपणासाठी आई न्यू जर्सीला आली, तेव्हा तिच्या सामानात डिंकाचे लाडू, हळीव आणि जुन्या धोतरात गुंडाळलेली घडीची विळी होती. सुरीने मला चिरता येत नाही, हे तिने निघण्यापूर्वीच सांगून ठेवले होते. रोज सकाळी ती भारतीय वाणसामानाच्या दुकानातून आणलेली जाहिरातींची फुकट पत्रे जमिनीवर पसरून बसे आणि भाजी चिरता चिरता मधूनच खिडकीकडे पाही. ती परत गेल्यावर मी भारतीय वंशाच्या अमेरिकी लेखिका झुंपा लाहिरी यांची ‘मिसेस सेन्स’ ही कथा पुन्हा वाचली, आणि पहिल्या वाचनात त्यातले किती निसटले होते ते माझ्या लक्षात आले.

ही कथा ‘इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज’ या १९९९ सालच्या संग्रहात आहे. पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. अमेरिकेने १९६५च्या कायद्याने बाहेरून येणाऱ्या स्थलांतरितांसाठीची देशवार कोट्यांची जुनी पद्धत मोडीत काढल्यावर भारतातून डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक तिकडे गेले. त्यांच्यामागून गेलेल्या बायकांचे दिवस कसे सरत असतील, याचा विचार त्या मानाने फार कमी झाला. मिसेस सेन त्यांच्यापैकीच एक. नवरा विद्यापीठात गणित शिकवतो, तिला गाडी चालवता येत नाही, आणि शाळा सुटल्यावर अकरा वर्षांच्या एलियट नावाच्या अमेरिकी मुलाला ती आपल्या घरी सांभाळते.

तीही जमिनीवर वर्तमानपत्रे पसरून विळीवरच भाजी चिरते. परक्या वाचकाला ते पाते चमत्कारिक वाटत असेल. मला मात्र ती बाई त्या एका वस्तूमुळे शेजारच्या घरातली वाटली. ती एलियटला सांगते, की लग्नघरी आदल्या रात्री आळीतल्या बायका आपापल्या विळ्या घेऊन गच्चीवर गोल करून बसतात आणि हसतखिदळत रात्रभर पन्नास किलो भाजी चिरतात. त्या गलबल्यात झोप लागत नाही, आणि इथे शांततेमुळे लागत नाही. मग ती त्याला विचारते, की मी आत्ता जिवाच्या आकांताने ओरडले, तर कुणी धावून येईल का? तो विचार करून उत्तर देतो, की कदाचित कुणी फोन करील, पण आवाज फार होतो अशी तक्रार करायला.

हे उत्तर त्या मुलाने मनाने रचलेले नाही. शेजाऱ्यांच्या मेजवानीला त्याला आणि त्याच्या आईला बोलावणे नव्हते, आणि रात्री त्याच्या आईने फोन करून आवाज कमी करायला सांगितले होते. मला या कथेचे मोठेपण इथे दिसते. समुद्राकाठच्या घरात राहणारी ती माय-लेकरेही तितकीच एकटी आहेत. फरक एवढाच, की त्यांना त्याची सवय झाली आहे आणि मिसेस सेन यांना ती करून घ्यायची नाही. म्हणून कोलकात्याहून आलेले पत्र, नातेवाइकांचे आवाज भरलेली कॅसेट आणि अख्खा ताजा मासा यांच्यावर तिचा सगळा जीव लागलेला असतो. मासा मिळाला तर तो दिवस चांगला जातो. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

आता पत्रांची वाट पाहावी लागत नाही, आई नातीला रोज फोनच्या पडद्यावर पाहते, तेव्हा हे दुःख जुने झाले, असे मला काही जण सांगतात. मला ते पटत नाही, कारण मिसेस सेन यांचा प्रश्न दूरच्या माणसांविषयी नव्हताच. तो भिंतीपलीकडच्या माणसांविषयी होता.

कथा वाचून झाल्यावर मी आईला फोन केला आणि सहा महिन्यांत एकदाही न विचारलेली गोष्ट विचारली, की तुला इथे एकटे वाटायचे का. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “सकाळचं काही नाही गं, कामात वेळ जायचा. दुपारी मात्र कुणाच्या घरची भांडीसुद्धा वाजत नव्हती.”