तुम्ही विचारलंत म्हणून: लाईट गेली नसती तर?

"लाईट गेली नसती तर जिंकला असतास ना रे?"

2021 पासून हा प्रश्न ऐकतोय. डिचोलीच्या बाजारात ऐकलाय, मामेभावाच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत ऐकलाय, आणि ऑनलाईन तर ज्यांना मी कधी भेटलोही नाही ते ती क्लिप पाठवून विचारतात. क्लिप तुम्ही बघितलीच असेल. स्ट्रीट फायटर फाईव्ह, म्हणजे दोघांनी एकास एक मारामारी करायचा व्हिडिओ गेम, त्याच्या ऑनलाईन क्वालिफायरची लूजर्स फायनल, म्हणजे एकदा हरलेल्यांच्या गटातला शेवटचा सामना, गेम दोन-दोन, शेवटच्या गेममधला पहिला राउंड माझा, दुसऱ्यात माझी लाईफ अर्ध्याच्या वर आणि समोरच्याची जेमतेम पाव उरलेली, आणि तेवढ्यात स्क्रीनवर कनेक्शन गेल्याचा मेसेज. मी प्रत्येकाला सांगत आलो, हो, जिंकलो असतो. आज नीट सांगतो.

त्याआधी बाकीचे प्रश्न एकदाच संपवतो. गोव्यात गेमिंग म्हटलं की लोकांना मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटी आठवतात, माझ्या मावशीला कितीतरी दिवस वाटत होतं मी तिथेच कामाला जातो. नाही, मी जुगार खेळत नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर बंदी आली तेव्हा चार जणांनी फोन केले, तुझं पण बंद झालं का म्हणून, तर त्याच कायद्यात ईस्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, खेळ म्हणून मान्यता आहे, कृपा करून वाचा. आणि 2024 च्या कॅपकॉम कपचं, म्हणजे स्ट्रीट फायटरच्या जागतिक स्पर्धेचं, दहा लाख डॉलरचं बक्षीस मला दाखवू नका, ते अख्ख्या जगात एका माणसाला मिळालं. मी जिंकलेलं सगळ्यात मोठं बक्षीस पंधरा हजार रुपये, त्यातले साडेचार हजार बंगळूरला जायच्या यायच्या प्रवासात गेले. आपल्याकडे पैसा आहे तो मोबाईलवरच्या टीम गेमना, एकास एक लढायच्या गेमला नाही. हे माहीत असून मी यात पडलो.

आता त्या रात्रीचं.

जुलै होता, कोविडमुळे सगळं ऑनलाईन चाललेलं. मी केन हे पात्र घेऊन खेळायचो. माझी एक खोड होती, खाली पडलो की उठता उठता श्योर्युकेन मारायचं, म्हणजे उडी घेत वर मारायचा ठोसा, तोही ई-एक्स वाला, म्हणजे जास्त ताकदीचा. ते पहिल्या फ्रेमपासून इन्विन्सिबल असतं, म्हणजे तेव्हा तुम्हाला मार लागतच नाही, समोरच्याने त्या वेळी काहीही दाबलं असेल तर तोच आडवा होतो. पण त्याने नुसता ब्लॉक धरला तर मेलात, तुम्ही हवेत लोंबकळताय आणि खाली तो सगळ्यात जड बटण घेऊन तुमची वाट बघतोय, मग क्रश काउंटर, म्हणजे तुम्हाला हतबल करणारा फटका, आणि त्याला जोडून फटक्यांची पूर्ण माळ, कॉम्बो. गेम सेकंदाला 60 फ्रेमने चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण 16 मिलीसेकंदांची, एवढ्याशा वेळात विचार वगैरे काही होत नाही, हात जे शिकलेत तेच करतात, आणि माझे हात हेच शिकले होते. त्या सेटच्या चौथ्या गेमपर्यंत समोरच्याला हे कळलं होतं. तीन वेळा त्याने ब्लॉक केलं. तीन वेळा मी मार खाल्ला.

क्लिपच्या शेवटी बघा, मी कोपऱ्यात पडलोय. तो पुढे आला आहे पण काही दाबत नाहीये, उभा आहे. आणि माझं बटण दाबून झालं होतं. अंगठा फिरला होता, मला आठवतंय, कारण डी-पॅडने, म्हणजे पॅडवरच्या दिशेच्या बटणाने, त्या अंगठ्याचं कातडं निघालेलं आणि तेवढ्यात ते चरचरलं. मग काळोख. टीव्ही, राउटर, पंखा, सगळं एकदम. हातातल्या पॅडचा निळा दिवा थोडा वेळ लुकलुकला आणि तोही विझला. बाहेर पाऊस असा की खिडकीच्या काचा थरथरत होत्या. वरच्या वाड्याजवळ माडाची चुडत तारांवर पडली होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं, कुणाची चूक नव्हती.

आणि मला बरं वाटलं.

हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. पोटातली गाठ सुटावी तसं बरं वाटलं.

पण खरं सांगायचं ते याच्या पुढचं आहे. मोबाईलवर आयोजकाचा मेसेज आला, रूलप्रमाणे दहा मिनिटं, नाहीतर गेम समोरच्याला. त्याच्या खालीच समोरच्या पोराचा मेसेज, त्याने ग्रुपवर लिहिलं होतं की मला घाई नाही, तासभर लागला तरी थांबतो, शेवटचा गेम परत पहिल्यापासून खेळू. आयोजकाने 'चालेल' म्हणून अंगठा दिला त्याला. आणि तोपर्यंत बाबा रेनकोट घालून दारात उभे. त्यांना गेममधलं काही कळत नाही पण एवढं कळलं होतं की काहीतरी मोठं अर्धवट राहिलंय. मामाकडे लाईट होती, त्यांनी फोन करून विचारलं होतं, मामाचं घर दोन किलोमीटरवर. त्यांनी कन्सोलच्या वायरी स्वतः टॉर्चच्या उजेडात काढल्या, कन्सोल आधी टॉवेलमध्ये आणि मग खताच्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला, तोंडाला सुतळी बांधली, स्कूटरची चावी हातात. म्हणाले, "चल, छातीशी धरून बस, भिजणार नाही."

मी म्हटलं, "बाबा, रूल आहे. दहा मिनिटं झाली. आता काही होत नाही."

सहा मिनिटं झाली होती. मी ग्रुपवर लिहिलं, नको, तुम्ही पुढे जा, लाईट रात्रभर येणार नाही इथे. बाबांनी पिशवी टेबलावर ठेवली, सुतळी सोडली, टॉवेल वाळत घातला. काही बोलले नाहीत.

तर तुम्ही विचारता, जिंकलो असतो का. त्या एका श्योर्युकेनचं विचाराल तर ते ब्लॉक झालं असतं, तो उभा होता. पण माझी अर्ध्याहून जास्त लाईफ होती, एका कॉम्बोत मेलो असतो असं नाही, आणि मेलो असतो तरी तिसरा राउंड होता. आणि मामाकडे गेलो असतो तर गेम पहिल्यापासून. म्हणजे माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची सोय होती ती मी स्वतः बंद केली.

माझ्या बाजूनेही थोडं बोलू द्या. मामाकडे वाय-फायवर खेळावं लागलं असतं, त्या पावसात, नेट अडखळलं की गेम मागे जाऊन दुरुस्ती करतो त्या रोलबॅकने पात्रं जागच्या जागी उड्या मारत राहिली असती. हे खरं आहे. अठ्ठावीस वर्षांचा होतो, घरात कमाई नव्हती, बाबांचा खाणीवरचा ट्रक 2012 ला खाणी बंद पडल्यावर पहिल्यांदा नुसता उभा राहिला, मधे चालला, आणि 2018 च्या मार्चमध्ये खाणी परत बंद झाल्यावर शेवटी विकला. हरलो असतो तर "याच्यासाठी नोकरी सोडलीस" हे ऐकावं लागणार होतं, आणि लाईट गेली म्हटल्यावर तेच लोक हळहळले. हेही खरं आहे. पण तेव्हाच्या मला हे मी सांगितलं असतं तर तो लगेच हो म्हणाला असता, आणि म्हणूनच मला ते पटत नाही.

त्याला, म्हणजे तेव्हाच्या मला, कारणं भरपूर सुचायची. आधी म्हणायचा, गोव्यातून हे होत नाही, आर्केड नाहीत, भिडायला माणसं नाहीत. मग 2019 ला लाहोरचा अर्सलान ॲश जपानला जाऊन टेकन या दुसऱ्या मारामारीच्या गेममध्ये ईव्हो जपान ही मोठी स्पर्धा जिंकला आणि त्याच वर्षी लास वेगासची ईव्होसुद्धा. लाहोर! व्हिसाची काय मारामार असेल तिथून. त्याच्या शहरात रोज भिडायला तगडी पोरं होती, इथे मी एकटा होतो, हा फरक मी आजही सोडणार नाही, पण ते कारण त्या वर्षी निम्मं मेलं. मग म्हणायचा, आता वय झालं, रिॲक्शन गेल्या. तर 2023 ला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये याच स्ट्रीट फायटर फाईव्हचं सुवर्ण कोरियाच्या किम ग्वान-वूने घेतलं, वय 44. आपले दोन जण होते त्या स्पर्धेत. मी ते सामने मोबाईलवर बघत होतो आणि त्या रात्रीची पिशवी सारखी डोळ्यांसमोर येत होती.

बाबांना लोक विचारतात, खाण बंद पडली नसती तर? ते म्हणतात, "पडली ना," आणि विषय बदलतात. मला ते जमत नाही. त्यांची खाण त्यांनी बंद केली नव्हती, कदाचित म्हणून.

मी अजून खेळतो, आता स्ट्रीट फायटर सिक्स, आठवड्याला चार पोरांना शिकवतो, बाकी दिवस पर्वरीत नोकरी. पोरांना सगळ्यात आधी उठताना ब्लॉक धरायला शिकवतो. स्वतः दमलो की अजून तेच मारतो.

बाबांना हे सगळं अजून माहीत नाही. त्या जुलैनंतर दोन महिन्यांनी त्यांनी इन्व्हर्टर आणला, मोठा, टीव्ही, कन्सोल आणि राउटर सगळं चालेल असा, दुकानदाराला वॅट विचारून, हप्त्यावर. मला म्हणाले, "परत असं व्हायला नको." जिन्याखाली ठेवलाय. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते गुडघ्यावर बसून बॅटरीची झाकणं एकेक उघडतात, डिस्टिल्ड वॉटर घालतात, मला हाक मारून टॉर्च धरायला लावतात.