दिवसभर घरी कोण असतं?

घर शोधायला लागल्यावर सगळे आधी दोनच गोष्टी विचारतात, बजेट किती आणि स्टेशनपासून किती लांब. दोन्ही प्रश्न कमावणाऱ्यांचे आहेत. आमच्याकडे कमावणारे आम्ही दोघं. मी परळच्या एका रुग्णालयात लॅब टेक्निशियन, नवरा ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये. सकाळी सातला बाहेर पडतो ते रात्री आठच्या पुढेच घरी येतो. मधला सगळा दिवस घर असतं सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंचं (आम्ही त्यांना आई म्हणतो) आणि शाळेतून दुपारी परतणाऱ्या आमच्या मुलाचं. परिसर त्यांना वापरायचा आहे, आम्ही तिथे बहुतेक झोपायलाच येणार. त्यामुळे निवड त्यांच्या पायांनी करायची, एवढं आम्ही सुरुवातीलाच ठरवलं होतं.

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आम्ही भाड्याने राहत होतो. इमारत पुनर्विकासाला जाणार म्हटल्यावर हलावं लागणारच होतं. बजेट 70 लाखांच्या आत, त्यात मुंबई नाही आणि ठाणे शहरही नाही. घोडबंदर रोडला एकदा चक्कर मारली, किंमत ऐकली, मेट्रो 4 च्या कामातून वाट काढत परत आलो. तो विषय तिथेच संपला.

बदलापूरने मात्र खरंच मोह घातला. नवी इमारत, दोन बाल्कन्या, लांबवर डोंगर, हवा मोकळी, आणि इतकं सगळं असून हातात पैसे उरत होते. पण आम्ही पाहिलेली इमारत पश्चिमेला, उल्हास नदीच्या अंगाला होती. 26 जुलै 2005 ला तिथे काय झालं होतं हे तिथला कुणीही सांगतो. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले, ते तर आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. नदीकाठी घर बघत असाल तर पूररेषेचा नकाशा जरूर पाहा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. एजंट म्हणाला, "मॅडम, इथपर्यंत पाणी कधीच येत नाही." समोरच्या किराणावाल्याने दुकानाच्या भिंतीवर हात ठेवून दाखवला, पाणी कुठवर चढलं होतं ते. तो हात माझ्या कमरेच्या वर होता.

पूर्वेला उंचावरच्या इमारती आहेत, तिथे पुराची भीती कमी. त्याही पाहिल्या. पण सकाळी अकराच्या सुमाराला संकुलात फिरलो तर वॉचमन सोडून माणूस दिसेना. नवरा-बायको दोघंही लोकल पकडून गेलेले, मुलं पाळणाघरात किंवा गावी आजीकडे. खालचे दुकानगाळे बहुतेक बंद. आई बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "छान आहे गं, पण इथे मी बोलायचं कुणाशी?" माझ्या डोक्यात वेगळंच चालू होतं. यांना अकरा वाजता चक्कर आली, तर परळहून मी किती वाजता पोचेन? कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेला अजून दोनच मार्ग आहेत, त्यावरच लोकल आणि त्यावरच पुण्याच्या एक्सप्रेस. तिसऱ्या-चौथ्या मार्गाचं काम चालू आहे, ते झालं की बदलापूरकरांचे दिवस बदलतील, यात शंका नाही. पण आमच्या आईंचं वय काही त्या कामासाठी थांबणार नाही.

मग कल्याण-शीळ रस्त्यावरची एक मोठी टाऊनशिप. आत सगळं देखणं. झाडं, सायकलचा ट्रॅक, मुलांसाठी मैदान. मुलगा तर हट्टालाच पेटला, हेच घ्या म्हणून. तिथून पुढे मी एक पद्धत ठेवली आणि ती मला फार उपयोगी पडली. आईंना त्यांची रोजची कामं सांगायची आणि ती करायला त्यांना एकटीला सोडायचं. बीपीच्या गोळ्या आणा, पासबुक भरून या, पावशेर मटार आणा, आणि वाटेत एखादा दवाखाना दिसला तर त्याची वेळ वाचून या. आम्ही मागे, लांबून बघत. टाऊनशिपमध्ये मटार मिळाले, गोळ्याही मिळाल्या. बँकेसाठी मात्र बाहेर जायचं होतं, म्हणजे कंटेनर धावणारा रुंद रस्ता ओलांडून शेअर रिक्षा. आई रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या, दोनदा पाऊल पुढे टाकलं, मागे घेतलं. नवऱ्याने धावत जाऊन हात धरला. तेवढ्यावरच ते घर नको ठरलं. मुलगा रुसला, पण त्याला मैदान मिळेल अशी जागा शोधायचं कबूल केलं होतं, ते विसरले नाही.

डोंबिवलीला मी आधी नाक मुरडत होते. गाडीची गर्दी माहीत होती. पूर्वेला टिळकनगर-रामनगरच्या बाजूला जुन्या, तीन-चार मजली इमारतींत रीसेलचे फ्लॅट बघायला लागलो. बदलापूरच्या घरापेक्षा लहान, बाल्कनी एकच, तीही आधीच्या मालकाने हॉलमध्ये घेतलेली. पार्किंग नाही. पण आईंना यादी देऊन सोडलं तर बाई तासाभराने हसत परत आल्या. पासबुक भरलं होतं, गोळ्या आणल्या होत्या, शिवाय गणेश मंदिरात जाऊन आल्या होत्या आणि एका बाईंकडून इडलीच्या पिठाच्या दुकानाचा पत्ता घेऊन आल्या होत्या. दुपारी चार वाजता त्या गल्ल्यांमधून म्हातारी माणसं फिरत असतात. जिन्यात, वाण्याकडे, कट्ट्यावर कुणी ना कुणी असतंच. आमच्या मजल्यावरच्या काकू दिवसभर घरी असतात, हे फ्लॅट घेण्याआधी मी मुद्दाम विचारून घेतलं होतं. कार्पेट एरियाइतकीच ती माहिती मला महत्त्वाची वाटते.

डोंबिवलीची दुसरी बाजूही लिहिते. फुटपाथ आहेत तिथे फेरीवाले आहेत, म्हणून आई रस्त्यावरूनच चालतात आणि माझा जीव टांगणीला लागतो. मोठ्या उपचारांसाठी ठाणे-मुंबईच गाठावी लागते. आणि एमआयडीसी, म्हणजे इथली औद्योगिक वसाहत. 26 मे 2016 आणि 23 मे 2024, दोन्ही वेळा तिथल्या कारखान्यांत स्फोट होऊन माणसं गेली आणि लांबवरच्या घरांच्या काचा फुटल्या. एमआयडीसीच्या निवासी विभागात रुंद रस्ते आहेत, झाडं आहेत, आमच्या पैशांत थोडं मोठं घर बसलं असतं. तरी तिकडे गेलो नाही. दिवसभर घरात असणारी दोन माणसं तिथे ठेवून परळला निवांत काम करणं मला जमलं नसतं.

नव्या इमारतींतही काही स्वस्त फ्लॅट दाखवले गेले. डोंबिवलीत नवं घेणाऱ्यांनी 65 इमारतींचं प्रकरण आधी समजून घ्यावं. बनावट बांधकाम परवानग्या जोडून महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी मिळवली होती आणि 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचे आदेश दिले. त्यांतल्या कुटुंबांनी महारेराचा नंबर बघूनच कर्ज काढून घरं घेतली होती, याचा विचार आला की आजही पोटात गोळा येतो. म्हणून नुसत्या नंबरावर थांबू नका. परवानगीची प्रत घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात जा आणि ती त्यांच्याकडे नोंदलेली आहे का, ते विचारा.

जुन्या इमारतीला वेगळी काळजी. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला, आहे का, कन्व्हेयन्स होऊन जमीन सोसायटीच्या नावावर आली आहे का, आणि स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, कधी झालं. 30 वर्षांपुढच्या इमारतीचं ऑडिट सोसायटीच्या उपविधींप्रमाणे दर 3 वर्षांनी व्हायला हवं. कन्व्हेयन्सवर मी अडून बसले होते. ही इमारतही कधीतरी पुनर्विकासाला जाणार. तेव्हा जमीन कुणाची यावरून वर्षं वाया जायला नकोत. लिफ्ट नाही म्हणून पहिला मजलाच हवा होता, त्यासाठी आणखी काही महिने थांबलो. घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं, म्हणून मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळाली. नवरा कर्जात सहअर्जदार आहे. सवलत हवी असेल तर खरेदीदारांत पुरुषाचं नाव चालत नाही, हे एजंट बऱ्याचदा सांगत नाहीत.

राहायला येऊन आता एक पावसाळा झालाय. मुलगा नेहरू मैदानावर जातो, आई त्याला सोडायला जातात आणि तिथेच बसतात. माझी गाडी मात्र अवघड आहे. डोंबिवलीहून सुटणारी लोकल चुकली तर मागून आलेल्या गाडीत दारातही जागा नसते. जुलैमध्ये मार्गावर पाणी भरलं त्या दिवशी घरी पोचायला रात्रीचे साडेदहा वाजले. घरात शेजारच्या काकू बसलेल्या होत्या, मुलगा त्यांच्याकडेच जेवला होता. आईंनी मला एकही फोन केलेला नव्हता.

अंबरनाथ पूर्वेला, शिवमंदिराच्या बाजूला घर बघणाऱ्या एका मैत्रिणीने हे सगळं विचारलं होतं, तिच्यासाठी लिहायला बसले. तिच्या घरी दिवसा वडील एकटे असतात आणि त्यांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. तिला एवढंच सांगेन, आधी डायलिसिस सेंटर नक्की कर आणि मग तिथून चालत किंवा एका रिक्षेत जमेल अशा अंतरावरच घरं बघ. पुढच्या रविवारी वडिलांना घेऊन ये, मीही येते.