टेन्शन घेऊ नको

सोमवारची पहिली शिफ्ट आमच्याकडे सगळ्यात जड. शुक्रवारनंतर मधे दोन दिवस मोकळे जातात, रविवारी घरात काहीतरी वेगळं शिजतं आणि पेशंट धापा टाकत काट्यावर उभे राहतात. मी नवी मुंबईत डायलिसिस टेक्निशियन आहे. ज्यांची लघवी बंद झालेली असते, त्यांनी प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. एक लिटर म्हणजे काट्यावर एक किलो. ते चार तासांत मशीनने काढायचं.

या काकू घणसोलीच्या, मूळ साताऱ्याकडच्या. काका वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी होते, आता घरीच असतात. काकूंचं ड्राय वेट, म्हणजे जास्तीचं पाणी नसतानाचं वजन, ४८ किलो. त्या सोमवारी काट्यावर ५२.६ आलं. एवढ्याशा अंगातून तासाला सहाशे मिलीच्या वर ओढलं की बीपी कोसळतं, पोटऱ्यांत गोळे येतात. साडेचार लिटर एका वेळी निघतच नाही.

काकांनी नेहमीप्रमाणे वही पुढे केली. ही वही बघण्यासारखी आहे. दिवसाला सातशे मिली, त्यात अर्धा कप चहा, गोळीबरोबरचा घोट, आमटीसुद्धा मोजलेली. पोटॅशियम उतरावं म्हणून भाज्या चिरून भिजवायच्या, उकळायच्या, पाणी फेकायचं. नारळपाणी, टोमॅटो बंद. एकटीला वाईट वाटू नये म्हणून सगळं घर कमी मिठाचं जेवतं. सांगितलेलं इतक्या नेटाने पाळणारं दुसरं घर आमच्या युनिटला नाही. वहीत तीन दिवसांचे मिळून दोन लिटर. काट्याचा हिशेब त्याच्या दुपटीहून जास्त.

काकूंचा डावा हात बांगड्यांशिवायचा. तिथे फिस्टुला आहे, शीर आणि धमनी जोडलेली. बोटं ठेवली की मांजर गुरगुरतं तशी थरथर लागते. तो हात आमच्या पेशंटचा जीव. मी मागच्या टोचणीपासून जागा सोडून सुया घालते, गाठ येऊ देत नाही, आणि माझ्या हातून सुई लागली की काकूंची भुवईसुद्धा हलत नाही, याचा मला अभिमान आहे. पण याच हातापायी त्यांचं स्वयंपाकघर सुटलं. कुकर उचलायचा नाही, कळशी उचलायची नाही. पुढे पुढे कणीकसुद्धा सुनेने काढून घेतली. तेवढं कुणीच सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या तासाला बीपी ९० वर आलं. पाणी ओढणं थांबवलं, पाय वर केले, थोडं सलाइन सोडलं आणि शेजारी बसले. काकू आपणहून म्हणाल्या, "बाथरूमात प्यायले. दार लावून, बादलीतलं."

"एवढी तहान लागली?"

"तहान रोजचीच हाय गं. कुणी पकडलं तर ओरडल तरी, म्हणून प्यायले."

मग बोलतच राहिल्या. सून भांडून माहेरी गेली, आठवड्याने परत आली, का ते कुणी सांगितलं नाही. विचारलं की एकच उत्तर, आई, तू टेन्शन घेऊ नको. नातू भाकरी मागायला येत नाही. "आधी हे माझ्यावर ताट आपटायचे. आता मिठाची चिमूट जास्त पडली तर स्वतःच्या तोंडात मारून घेतात. माझी किडनी सांभाळत्यात सगळी. माझ्यासंगं कोन बोलत न्हाय."

काकांना सांगू का, विचारलं. "सांग की. काय करतील? वहीत लिहितील."

काका चारही तास जिन्याजवळच्या बाकावर बसून असतात. नातेवाइकांना बसायला धड जागा करावी, असं आमच्याकडे कुणाला वाटलेलं नाही. ऐकून त्यांचा चेहराच उतरला. "अजून काय करायचं ताई मी?" हा माणूस पहाटे उठून तिच्यासाठी भाजी उकळतो. त्याला काय सांगणार, कमी पडतंय म्हणून? मग तेच म्हणाले की गावचं वावर विकलंय. डायलिसिस महात्मा फुले योजनेतून होतं, पण रिक्षा, बाहेरच्या तपासण्या, वरची औषधं चालूच असतात. वावर काकूंनी स्वतः कसलेलं. त्यांना पत्ता नाही. "डॉक्टर म्हणाले ना, टेन्शन देऊ नका."

हे वाक्य आमच्या खात्यात फार स्वस्त झालंय. डॉक्टर राउंडला दोन मिनिटं थांबतात, पाणी कमी प्या म्हणतात, टेन्शन देऊ नका म्हणतात आणि पुढच्या बेडकडे जातात. केसपेपरवर वजन, बीपी, हिमोग्लोबिन, पोटॅशियम, सगळ्याला रकाना आहे. या बाईला घरात कुणी काही विचारतं का, याला नाही. आणि घरच्यांना हे वाक्य मिळालं की ते इमानाने पाळतात, माणूस पार बाजूला पडेपर्यंत. मी काकांना म्हटलं, वही सोडू नका, पाण्याला सूट नाही. पण वावराचं त्यांना सांगा.

त्या दिवशी ५०.४ वर घरी सोडलं, उरलेलं बुधवारी काढायचं ठरवून.

बुधवारी दोघं एकमेकांशी न बोलता आले. पिशवी काकूंनी स्वतःच्या उजव्या हातात धरलेली. वजन ५२.३. वहीत दोन दिवस कोरे. सुया घालून होईपर्यंत काकू गप्प होत्या, मग सुरू झाल्या. मला न विचारता विकलं, बांधावरच्या आंब्यासकट दिलं, भाव तरी धड घेतला का, आता गावी जाऊन त्या माणसाला गाठणार. आवाज इतका चढला की पलीकडच्या बेडवरचे आजोबा उठून बघायला लागले. पाणी किती प्यायलात विचारलं, तर म्हणाल्या, "भांडून भांडून घसा सुकला. मोजलं न्हाय."

राउंडला डॉक्टरांनी वजन बघितलं आणि घरी काही झालंय का, म्हणून मला विचारलं. मी हो म्हटलं. चांगलं झालंय की वाईट, ते मला सांगता आलं नाही.