"गोळ्या सोडल्या असतील" म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या घणसोली गावठाणात कुणाला एमडीआर टीबी, म्हणजे मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी, निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, मधेच गोळ्या सोडल्या होत्या का? खालच्या मजल्यावरच्या पोराला निघाला, त्याने आयुष्यात टीबीची गोळी बघितलेली नाही, तरी चार बायका त्याच्या आईला हेच विचारून गेल्या. जाम डोकं फिरलं माझं.

गोळ्या सोडल्याने होतो, हे खरंय. फुफ्फुसात करोडो जंतू, त्यातले मोजके मुळातच एखाद्या औषधाला दाद न देणारे, म्हणून तर सुरुवातीला चार औषधं एकत्र देतात, एकाच्या तावडीतून सुटलेला दुसऱ्याने मरतो. साधा टीबी असेल तर कोर्स ६ महिन्यांचा, पण दोन महिन्यांत ताप जातो, वजन वाढतं, माणूस म्हणतो झालो बरा, गोळ्या सोडतो, आणि मागे राहतात ते चिवटच. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन ही टीबीची दोन मुख्य औषधं, दोन्ही चालेनाशी झाली की तो एमडीआर.

पण असा जंतू एकदा तयार झाला की खोकल्यातून तसाच्या तसा पुढच्याला लागतो ना! त्या पुढच्याने काय सोडलं? इकडे बिल्डिंगी अशा चिकटून आहेत की खिडकीतून हात काढला तर समोरच्याच्या ग्रिलला लागतो, दिवसा पण ट्यूबलाइट, हवा खेळणार कुठून.

त्यात आमच्या गल्लीतल्या डॉक्टरने त्या पोराला खोकल्यावर आधी लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं. ते टीबीवरही थोडं चालतं, म्हणजे बरं वाटतं, निदान लांबतं आणि एकटंच घेतलं की जंतू त्यालाही सरावतो. २०१४ पासून हे शेड्यूल एच१ मध्ये आहे, चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, पण मेडिकलवाला चिठ्ठी मागतो का ते तुम्हीच सांगा.

म्हणून दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही बेडक्याची तपासणी करा, सरकारीत फुकट होते. रिफाम्पिसिन चालणार की नाही ते औषध सुरू करायच्या आधीच कळतं, एक्स-रे मध्ये ते दिसत नाही. आणि डबीत नुसती थुंकी नको, सकाळी खोल खोकून छातीतला बेडका काढायचा. लाजून लाळ भरून देतात लोक आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला की खूश!

पूर्वी एमडीआरला दीड-दोन वर्षं औषधं, वर महिनोन्‌महिने इंजेक्शनं, त्याने कित्येकांचे कान गेले. आता बीपाल-एम म्हणून ६ महिन्यांचा नुसत्या गोळ्यांचा कोर्स आहे, २०२४ मध्ये आपल्याकडे मंजूर झाला. सोपा नाही हां, मधेमधे ईसीजी लागतो, त्यातल्या लिनेझोलिडने पायाला मुंग्या येतात, आल्या की लगेच सांगायचं, आपल्या मनाने गोळी बंद नाही करायची. निक्षय या सरकारी योजनेचे टीबी पेशंटच्या खाण्यासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, त्याचा फॉर्म भरून घ्या.

खालच्या त्या पोराच्या घरात ताट-वाटी वेगळी केलीय, आणि खिडकी बंद! भांड्यांनी टीबी पसरत नाही हो. खिडकी उघडा, त्याला मास्क द्या, घरातल्या सगळ्यांची तपासणी करा. धाकटी बहीण अजून राहिलीय, सोमवारी मीच घेऊन जातेय तिला.