सल्ला देत नाही, सल्ल्याची तयारी करते

इंग्लंडात लीड्समध्ये आर्थिक सल्लागारांच्या ऑफिसात नोकरी करते म्हटलं की कोथरूडला आमच्या सोसायटीत पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग कुठला फंड घेऊ, सांग!’ आत्याला कितीदा सांगितलं की मी ॲडमिनिस्ट्रेटर आहे, सल्ला द्यायचा मला अधिकारच नाही. इकडे त्यासाठी लेव्हल ४ची पात्रता लागते आणि फर्मला फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटी या नियामक संस्थेची परवानगी. फुकट सल्ला न देणारी पुणेकर म्हणून घरात माझी बदनामी झाली आहे, ती वेगळीच.

मग मी दिवसभर करते काय? मुख्यतः माणसांच्या जुन्या पेन्शनी, म्हणजे निवृत्तीसाठी साठवलेले पैसे, शोधते. चार नोकऱ्या केलेल्या माणसाची पेन्शन चार पेन्शन कंपन्यांत विखुरलेली असते. त्याची सही घेऊन प्रत्येक कंपनीला लेटर ऑफ अथॉरिटी (त्याची माहिती आम्हाला द्यायची परवानगी) पाठवायचं, आठवडाभर वाट पाहायची, मग फोन. होल्डवरचं संगीत ऐकत बसायचं आणि माणूस मिळाला की प्रश्नांची यादी सोडायची नाही: आजची ट्रान्स्फर व्हॅल्यू (पेन्शन दुसरीकडे हलवली तर मिळणारी रक्कम) किती, चार्जेस किती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, गॅरंटीड ॲन्युइटी रेट (जमलेल्या पैशांवर निवृत्तीनंतर दरवर्षी किती मिळेल, याचा आधीच कबूल केलेला दर) आहे का? १९८०च्या दशकातल्या काही पॉलिसींत आजच्या बाजारापेक्षा चांगला दर लिहून दिलेला असतो. पेन्शन दुसरीकडे हलवली की तो सहसा जातो. हे विचारायचं राहिलं, तर सल्लागार कितीही हुशार असो, सल्ला चुकणारच. मी जमवलेल्या माहितीवर पॅराप्लॅनर (सल्लागारासाठी अभ्यास आणि लेखन करणारा) सूटेबिलिटी रिपोर्ट लिहितो, म्हणजे हा सल्ला या क्लायंटला का योग्य, ते. क्लायंटला मात्र दिसतो फक्त सल्लागार.

इथलं करवर्ष ५ एप्रिलला संपतं. त्याआधी आयसा या करमुक्त बचत-गुंतवणूक खात्याची २०,००० पौंडांची वार्षिक मर्यादा वापरायला सगळ्यांना एकदमच आठवण होते. आपल्याकडची ३१ मार्चची धावपळ पाहिलेल्याला त्यात नवीन काही नाही.

नवीन वाटली ती फी. गुंतवणुकीच्या नव्या सल्ल्यावर फंड कंपनीकडून कमिशन घेणं इथे २०१२च्या अखेरीस बंद झालं, त्यामुळे क्लायंटला सल्ल्याची किंमत पौंडांत लिहून द्यावी लागते. आपल्याकडे म्युच्युअल फंडांचे डायरेक्ट, म्हणजे एजंटच्या कमिशनशिवायचे, प्लॅन जानेवारी २०१३पासून आहेत, तरी ‘आमचा एजंट काहीच घेत नाही’ असं आत्या अजून अभिमानाने सांगते. एजंटमार्फत घेतलेल्या रेग्युलर प्लॅनच्या खर्चातून त्याचं कमिशन दरवर्षी जातं, हे तिच्या गावीही नाही.

पुण्याहून कॉमर्सच्या मुली विचारतात, म्हणून सांगते: या कामात एक्सेलपेक्षा फोन जास्त. पॅराप्लॅनरला परीक्षेची कायद्याने सक्ती नाही, पण बऱ्याच फर्म डिप्लोमा विचारतात, आणि त्याचे पेपर नोकरी सांभाळून एकेक देता येतात. माझा सध्या आर०४ चालू आहे, पेन्शनचाच.