पॉइंट भागिले पगार, आणि माझी झालेली फजिती

टोरंटोला येईपर्यंत हॉकी म्हणजे माझ्यासाठी धनराज पिल्ले आणि शाळेत पीटीच्या तासाला नडगीवर बसलेली स्टिक, बास. इथं हॉकी म्हणलं की बर्फावरचीच. ऑफिसात दरवर्षी त्याचा पूल लागतो, म्हणजे खऱ्या खेळाडूंची कागदावर टीम करायची पैज, 2023-24 ला मीपण घुसलो. 20 खेळाडू घ्यायचे, सगळ्यांचे पगार मिळून एनएचएलच्या (इथल्या मोठ्या हॉकी लीगच्या) खऱ्या कॅपमध्ये, म्हणजे एका टीमच्या पगारांच्या कमाल मर्यादेत, 83.5 मिलियन डॉलरमध्ये बसले पाहिजेत, आणि सीझनभरात ज्याच्या टीमचे गोल आणि असिस्ट (गोलला दिलेला पास) मिळून पॉइंट जास्त तो जिंकला.

मी म्हणलं एक्सेल आपलं रोजचंच काम, मागच्या वर्षीचे पॉइंट भागिले पगार, उतरत्या क्रमाने सॉर्ट, झालं. त्यातही आधी चुकलोच, मी त्या वर्षी हातात पडणारा पगार धरला होता आणि कॅपमध्ये धरतात सगळ्या वर्षांची सरासरी, त्यामुळे अख्खी शीट परत भरली. बायको रात्री पाणी प्यायला उठली तर मी डायनिंग टेबलवर बसून कुठल्यातरी फिनलंडच्या पोराचा पगार शोधतोय, काही न बोलता लाइट बंद करून गेली.

टीम निघाली एकदम स्वस्त आणि मस्त, असं मला वाटलं. निकाल काय, तर शेवटून दुसरा. वर कॅपमधले कितीतरी मिलियन तसेच पडून!

सीझन संपल्यावर शांतपणे बघितलं तेव्हा घोळ कळला. लीगचा किमान पगार तेव्हा पावणेआठ लाख डॉलर, त्यात चौथ्या लाइनवरच्या, म्हणजे सगळ्यात कमी खेळायला मिळणाऱ्या एखाद्याने 20 पॉइंट काढले तरी मिलियनला जवळपास 26 पडतात. टँपाचा कुचेरोव, 144 पॉइंट, त्या वर्षी लीगमध्ये सगळ्यात जास्त, पगार 9.5, म्हणजे मिलियनला 15. माझ्या शीटमध्ये तो खाली! पण असे 20 स्वस्तातले घेतले की 400 पॉइंटवर गाडी थांबते, पैसे उरतात आणि जागा संपतात. अरे, जागा मोजायच्या राहिल्याच की.

मग सरळ केलं, पावणेआठ लाखात 20 पॉइंट कुणीही देतो असं धरून ते सगळ्यांतून वजा केले आणि फक्त वरच्या पैशाला वरचे पॉइंट किती ते बघितलं. कुचेरोव 14.2, एडमंटनचा ड्रायसायटल (106 पॉइंट, 8.5 मिलियन) 11.1, कोलोराडोचा मॅकिनन 140 पॉइंट काढूनसुद्धा 10.1, कारण त्याचा 12.6 चा नवीन करार त्याच वर्षी सुरू झालेला. त्याआधी सात वर्षं तो 6.3 वर खेळला, ते तर फुकटच म्हणा.

हे ऑफिसच्या टीममधल्या एडमंटनच्या माणसाला दाखवलं तर तो हसला. म्हणाला, 2017 मध्ये ड्रायसायटलला आठ वर्षांसाठी 8.5 दिले तेव्हा आमच्याकडे लोक म्हणत होते जास्त दिले, एका चांगल्या सीझनवर एवढे? तो सीझन 77 पॉइंटचा. पण पोरगा 21 वर्षांचा होता, त्याच्या खेळाची ऐन वर्षं सगळी त्या करारात आली, आणि कॅप वाढत गेली. सुरुवातीला 75 मिलियनच्या कॅपमध्ये त्याचा वाटा 11.3 टक्के, 2024-25 ला 88 मिलियनमध्ये 9.7. त्याच्या मते आकडा बघायचाच नाही, टक्का बघायचा आणि वय बघायचं. 28-29 च्या माणसाला आठ वर्षं दिली की शेवटची तीन-चार रडवणार हे धरूनच चालायचं. ते मला पटलं. फक्त कॅरोलायनाच्या स्लेव्हिनवरून आमचं अजून जमत नाही. तो डिफेन्समन, गोल होऊ देत नाही हेच त्याचं काम, माझ्या शीटला ते दिसतच नाही, आणि हा एडमंटनवाला म्हणतो 2024-25 पर्यंत 5.3 मध्ये तो म्हणजे लॉटरीच होती.

आता शीटमध्ये टक्क्याचा कॉलम टाकलाय. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये एडमंटनचा स्टार मॅकडेव्हिड याने पुढच्या दोन वर्षांसाठी परत 12.5 वरच सही केली, तो आकडा मी त्याच रात्री भरला. आधीचा करार सुरू झाला तेव्हा, 2018-19 ला, 12.5 म्हणजे कॅपच्या 15.7 टक्के होते, 2026-27 च्या 104 मिलियनवर 12 टक्के. एडमंटनवाल्याला स्क्रीनशॉट पाठवला, त्याने नुसता हात जोडलेला इमोजी टाकला.